खालची खबर, वरचा हुकूम

(तेल-वायू विहिरींतील उपकरणांचे संवेदन आणि नियंत्रण या विषयावरील परिषद, जिते, ता. पेण, जि. रायगड. स्वागताध्यक्षीय भाषण)





स्वागताध्यक्षाचं पहिलं काम दिलगिरीचं असतं, ते आधी उरकून घेतो. जे मुंबई-गोवा महामार्गाने आले त्यांच्या कंबरेची आम्हांला पूर्ण कल्पना आहे. २०११ साली या रस्त्याचं रुंदीकरण सुरू झालं तेव्हा बालवाडीत असलेली पोरं आता मतदार झाली. जे रोह्याच्या गाडीने आले ते शहाणे. आपटा आणि हमरापूर यांच्यामधलं आमचं हे छोटं स्टेशन, पण उतरल्यावर निदान धूळ तरी कमी.

दुसरी गोष्ट, हा प्रश्न गेले काही महिने मला सगळ्यांनी विचारला. तेलविहिरींची परिषद, आणि ती जित्याला? नवी मुंबईत एखादं हॉटेल मिळालं नाही का? मिळालं असतं. पण जरा नकाशा आठवा. समुद्रातलं तेल आणि वायू किनाऱ्याला लागतो तो उरणला. रिगवर जाणारं सामान न्हाव्याच्या तळावरून बोटीत चढतं. तेल-वायू महामंडळाच्या (ओएनजीसी) उत्पादन तंत्रज्ञानाच्या आणि सागरी अभियांत्रिकीच्या संस्था पनवेलला. थळच्या खतकारखान्याला आणि नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल संकुलाला पुरवठा झाला तो त्याच समुद्रातल्या वायूचा. आणि रोहा तालुक्यात सुकेळीला महाराष्ट्र सीमलेसचा कारखाना, जिथे विहिरीत उतरणारे बिनजोडाचे पाइप तयार होतात. नाव मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राचं झालं, पण त्याचा संसार रायगडाने सांभाळला. या पट्ट्यात चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी अशा हिशेबाने लग्नाच्या तारखा काढणारी घरं आहेत. मीही त्याच पाळीत उमेदीची वर्षं घालवली, इन्स्ट्रुमेंट विभागात. नंतर इथे येऊन लेथ लावले. म्हणून ही परिषद जित्याला.

फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या रिगने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हायचं तेल शोधलं आणि २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झालं. ज्यांच्याकडे जुन्या एक रुपयाच्या नोटा असतील त्यांनी मागची बाजू पाहावी, तिच्यावर तो रिग आहे. आमच्या भातखाचरांखाली जो काळा कातळ आहे, तोच दख्खनचा कातळ तिथे चुनखडकाच्या तळाशी सापडतो, आणि काही ठिकाणी त्याच्याच भेगांमधून तेल निघतं.

पण विहीर खोदणाऱ्याची मूळ अडचण पहिल्या दिवसापासून आजपर्यंत एकच. ज्या जागी काम चाललं आहे ती जागा त्याला कधीच दिसत नाही. जे काही कळेल ते खालून आलेल्या खबरीवरून. ५ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधल्या पेशेलब्रॉनच्या तेलक्षेत्रात श्लुंबर्जे बंधूंच्या माणसांनी केबलने एक उपकरण विहिरीत सोडलं, दर मीटरला थांबून खडकाचा विद्युत्-रोध मोजला आणि हातानेच आलेख काढला. आजच्या सगळ्या विषयाचं मूळ त्या आलेखात आहे.

श्लुंबर्जेंच्या पद्धतीत केबल होती. ड्रिलिंग चालू असताना मात्र फिरत्या पाइपात केबल ठेवणं कठीण, आणि रेडिओ लहरी खडकात फार लांब जात नाहीत. मग खडक कापणाऱ्या बिटजवळच्या उपकरणाने वर बोलायचं कसं? तर ड्रिल पाइपातून खाली जाणाऱ्या मडमधूनच, म्हणजे ड्रिलिंगच्या चिखलासारख्या द्रवातूनच. बागेतल्या पाण्याच्या पाइपावर अंगठा दाबून सोडावा, तसा एक छोटा व्हॉल्व्ह मडची वाट क्षणभर आवळतो आणि सोडतो. दाबाचा तो ठोका मडमधून वर चढतो, एका सेकंदात किलोमीटरभराहून थोडा जास्त, आणि स्टँडपाइपवरचा सेन्सर तो टिपतो. ठोका आहे किंवा नाही, एवढीच बाराखडी. सेकंदाला माहितीचे दहा बिट धरले तर मोबाइलवर रोज सकाळी येणारं शंभर केबीचं एक 'शुभ सकाळ'चं चित्र या वाटेने यायला बावीस तासांहून जास्त लागतील. त्यामुळे काय सांगायचं आणि काय गिळायचं, हे खालच्या उपकरणालाच ठरवावं लागतं. वरून खाली हुकूम जातो तोही असाच. पंपाचा प्रवाह ठरावीक लयीत कमी-जास्त करायचा, खालचं उपकरण ती लय ओळखतं आणि बिटची दिशा बदलतं. हे पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा मी चहा विसरलो होतो, एवढंच सांगतो.

आता उत्पादनाकडे वळू, कारण आमच्या भागाचा खरा संबंध तिथे आहे. तेल वर आणणाऱ्या ट्यूबिंगबरोबर कायमचा बसवलेला दाबाचा गेज. त्याच्या पोटात क्वार्ट्झचा स्फटिक असतो. दाब बदलला की त्याच्या कंपनाची गती बदलते. तापमानानेही बदलते, म्हणून तापमानासाठी शेजारी दुसरा स्फटिक लागतो. दहा हजार पीएसआयच्या दाबाखाली बसूनही चांगला क्वार्ट्झ गेज एका पीएसआयच्या शंभराव्या भागाइतका फरक दाखवतो. आणि हे सगळं शंभर अंशांच्या वरच्या उष्णतेत. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या काही खोल विहिरींत तर दोनशेच्या आसपास. तिथे स्फटिक टिकतो, पण त्याच्या शेजारचं इलेक्ट्रॉनिक्स थकतं.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण निबंधांमध्ये हा भाग दोन ओळींत संपवतात. गेज सहसा गेजमुळे बंद पडत नाही. तो बंद पडतो त्याच्या केबलमुळे आणि जोडामुळे. पाव इंची धातूच्या नळीत बसवलेली ती केबल ट्यूबिंगच्या बाहेरच्या अंगाने गेजपासून थेट वेलहेडपर्यंत येते. प्रत्येक जोडावर तिला एक क्लॅम्प. वाटेत ट्यूबिंगभोवतीची जागा बंद करणाऱ्या पॅकरमधून आणि वर ट्यूबिंग हँगरमधून ती आरपार न्यायची, आणि प्रत्येक ठिकाणी सील धरलं पाहिजे. एका विहिरीवर, कंपनीचं नाव घेत नाही, ट्यूबिंग उतरवून झालं आणि गेज मुका झाला. परत वर काढताना दिसलं: एका जोडावरच्या क्लॅम्पची पिन पूर्ण बसलीच नव्हती, क्लॅम्प फिरला होता आणि केबल बाहेरच्या केसिंग पाइपला घासून चपटी झाली होती. पिन करंगळीएवढी. लाखो रुपयांचा स्फटिक खाली शाबूत होता, पण त्याचं ऐकायला कोणी उरलं नव्हतं. त्या दिवसापासून मी सेन्सरच्या माहितीपत्रकाआधी क्लॅम्पचं ड्रॉइंग मागतो.

संवेदनाच्या जोडीला नियंत्रण आलं ते उशिरा. ऑगस्ट १९९७ मध्ये नॉर्वेच्या स्नोर क्षेत्रात पहिली 'इंटेलिजंट' विहीर पूर्ण झाली. वेगवेगळ्या थरांसमोरचे व्हॉल्व्ह विहिरीत माणूस वा हत्यार न उतरवता वरून चालवता येऊ लागले. मुंबई हायसारख्या पन्नाशी ओलांडलेल्या क्षेत्राला याची गरज आहे. तिथे तेलाबरोबर पाणी येतं. पाणी कोणत्या थरातून येतं ते कळलं आणि तेवढाच थर बंद करता आला, तर बाकीची विहीर जगते. तिथल्या बहुतेक विहिरी गॅस लिफ्टवर आहेत. केसिंग आणि ट्यूबिंगच्या मधून वायू सोडायचा, तो ट्यूबिंगच्या बाजूच्या खिशात बसवलेल्या व्हॉल्व्हमधून आत शिरतो आणि तेलाचा स्तंभ हलका करतो. नेहमीच्या व्हॉल्व्हमध्ये नायट्रोजन भरलेला एक बेलो असतो, त्याचा दाब कार्यशाळेत एकदाच ठरतो. विहिरीची तब्येत बदलली की वायरलाइनवाल्यांनी जाऊन व्हॉल्व्ह बदलायचा.

आणि इथे आमचा पाऊस आडवा येतो. मुंबई हायवरचे विहिरींचे बरेच प्लॅटफॉर्म निर्मनुष्य आहेत. जूनपासून समुद्र खवळला की बोट लागत नाही, ढग उतरले की हेलिकॉप्टर उडत नाही. ज्या विहिरीला जुलैत व्हॉल्व्ह बदलून हवा असतो तिला गणपती उलटेपर्यंत वाट पाहावी लागते. वरून बसल्या जागी कमी-जास्त करता येणारा गॅस लिफ्ट व्हॉल्व्ह ही नॉर्वेत सोय असेल, आपल्याकडे ती पावसाळ्यातल्या चार महिन्यांच्या उत्पादनाची बाब आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायसाठी बीपी ही तांत्रिक सेवा देणारी भागीदार नेमली गेली. बाहेरचं ज्ञान येतंय, यावं. त्यांना आपला मोसमी पाऊस समजावून सांगायचं काम मात्र इथल्या माणसांचं.

खबर आली म्हणजे काम झालं, असं समजणाऱ्यांसाठी दोन प्रसंग सांगतो. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन'वर विहीर बंद आहे की नाही याची दाबचाचणी घेतली गेली. किल लाइनवर दाब शून्य, ड्रिल पाइपवर १,४०० पीएसआय. दोन्ही एकाच विहिरीला जोडलेले. गेज नादुरुस्त नव्हता. तो सांगत होता की विहीर जिवंत आहे. माणसांनी त्या आकड्याला सोयीचं स्पष्टीकरण शोधलं आणि चाचणी पास ठरवली. अकरा जण गेले. सेन्सरवर खर्च करणाऱ्या कंपन्या, त्या सेन्सरचं ऐकून काम थांबवण्याचा अधिकार पाळीवरच्या माणसाला देतात का, हा माझा जुना प्रश्न आहे, आणि त्याला सॉफ्टवेअरमध्ये उत्तर नाही.

दुसरा प्रसंग घरचा. २७ जुलै २००५. आदल्या दिवशी मुंबईत आणि आमच्या रायगडात झालेला प्रलय सांगायला नको. त्या दिवशी 'समुद्र सुरक्षा' हे जहाज मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मच्या राइझरला, म्हणजे वायू वाहून नेणाऱ्या उभ्या पाइपाला, धडकलं, वायू पेटला आणि दोन तासांच्या आसपास अख्खा प्लॅटफॉर्म कोसळला. बावीस माणसं गेली. तिथे गेजचा प्रश्न नव्हता. वायूची वाट कुठे तोडायची आणि ती तोडणारा व्हॉल्व्ह धोक्याच्या कोणत्या बाजूला हवा, हा प्रश्न होता. विहिरीतल्या सेफ्टी व्हॉल्व्हमागचा विचार मला म्हणूनच फार आवडतो. समुद्रतळाच्या खाली बसवलेला तो व्हॉल्व्ह वरून येणाऱ्या हायड्रॉलिक दाबावर उघडा राहतो. वर काहीही होवो, लाइन तुटो, प्लॅटफॉर्म जळो, दाब गेला की स्प्रिंग झडप मिटवते. त्याला कोणी 'बंद हो' म्हणायची गरज नसते. हुकूम थांबला, हाच त्याचा हुकूम.

उद्याच्या सत्रांची यादी मी पाहिली. कृत्रिम बुद्धिमत्तेवर बरेच निबंध आहेत. स्वागत आहे. सेकंदाला एक वाचन धरलं तर एक गेज दिवसाला ८६,४०० आकडे देतो, ते माणसाने वाचावेत असं कोणी म्हणणार नाही. पण आकडे कुठल्या गेजचे, तो शेवटचा कधी तपासला, त्याचं वाचन किती सरकलं आहे, हे निबंधात आलं नाही तर मी मागच्या बाकावरून हात वर करणार. स्वागताध्यक्ष म्हणून तेवढी सूट द्या.

आणि एक मागणं. पाइप सुकेळीला होतो. त्या पाइपाबरोबर खाली जाणारी हुशारी अजून बहुतांशी परदेशातून येते. क्लॅम्प, जोड, सील, केबलचं संरक्षण, तापमानाच्या भट्टीत चाचणी, ही कामं इथल्या कार्यशाळांच्या आवाक्यात आहेत. लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात पेट्रोकेमिकलचं शिक्षण मिळतं, आयटीआयची मुलं आसपास आहेत. आणि साचा, माती, हजारो नगांत एकसारखा नाक-डोळा काढणारे हात जिते-हमरापूरच्या गावांत गणपतीच्या कारखान्यांत वर्षभर काम करतात. त्यांना इंचाचा हजारावा भाग शिकवायला वेळ लागणार नाही. ऑर्डर देणाऱ्यांनी पहिल्या लॉटमधल्या चुका सोसायची तयारी ठेवावी, एवढंच मागणं.

जेवणाचं सांगतो. दुपारी वालाचं बिरडं आणि पेणचे पोह्याचे पापड. रात्री शेतात पोपटी लावली आहे, शाकाहारींसाठी वेगळं मडकं आहे.

चहाच्या दालनात एक लांब टेबल मांडलं आहे. त्यावर निकामी झालेले भाग ठेवायचे आहेत: जळलेलं सर्किट, फुटलेला बेलो, चपटी केबल, गळलेलं सील. आम्ही आमचे काही ठेवले आहेत. ज्यांनी सूचनेप्रमाणे बॅगेतून काही आणलं असेल त्यांनी उद्घाटन संपताच तिथे आणून द्यावं. सोबतच्या चिठ्ठीवर कंपनीचं नाव लिहू नका. खोली, तापमान, किती दिवस चालला आणि कशाने गेला, एवढंच लिहा. आता मी उद्घाटकांना विनंती करतो.