गणित आणि आपण



मुंबई विद्यापीठाने १९७१ साली दूरशिक्षण सुरू केले. त्यामुळेच डहाणूस घर सांभाळून मी गणितात एम. ए. करीत आहे.

“सुनेला हे कशाला?” असे पुष्कळजणी विचारतात. हिशेबाला पाढे पुरतात. या अभ्यासाने ‘का?’ विचारण्याचे धैर्य येते. कितीही मूळ संख्या घ्या, त्यांच्या गुणाकारात एक मिळवा. त्यांपैकी एकीनेही निःशेष भाग जात नाही. म्हणून मूळ संख्या कधी संपत नाहीत. हे कोणाच्या शब्दावर मानायचे नसते, स्वतः पडताळायचे असते.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस, पुढे कोसबाडला बालशिक्षण उभारले. दगड-पाने मोजीत मुले अंक शिकली. डहाणू-तलासरीच्या मुलींची वाट तेथेच का थांबावी? घरकामातून त्यांना रोज एक तास मोकळा द्या, एवढीच विनंती.