नटीची बोली

नटीविषयी बोलताना आपण तिच्या रूपाविषयी बोलतो, अभिनयाविषयी बोलतो आणि पुष्कळ वेळा, बोलू नये अशा गोष्टींविषयीही बोलतो. तिच्या जिभेविषयी मात्र सहसा बोलत नाही. वास्तविक १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत 'आलम आरा' प्रदर्शित झाला आणि आपला चित्रपट बोलू लागला, त्या दिवसापासून नटीचा चरितार्थ तिच्या चेहऱ्याइतकाच तिच्या उच्चारांवर अवलंबून राहू लागला. मूकपटाच्या काळात नटीची मातृभाषा कोणती, ही चौकशी करण्याचे प्रेक्षकाला कारणच नव्हते. पडद्यावर अक्षरे उमटत, तीही बहुधा एकाहून अधिक भाषांत, आणि ज्याला जी वाचता येई ती तो वाची.

या बदलाचा पहिला तडाखा कोणाला बसला असेल, तर तो रूबी मायर्स यांना. १९०७ साली पुण्यात जन्मलेल्या या बगदादी ज्यू कुटुंबातील मुलीने आरंभी टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली आणि पुढे 'सुलोचना' या नावाने मूकपटाचा पडदा गाजविला. नाव संस्कृत, चेहरा साऱ्या देशाच्या ओळखीचा. पण बोलपट आला आणि हिंदुस्थानी नीट बोलता येत नाही, एवढ्या एका कारणाने एवढी मोठी नटी जवळजवळ उमेदवार ठरली. त्यांनी काही काळ काम थांबविले, भाषा शिकून घेतली आणि १९३२ साली 'माधुरी'च्या बोलपटातून त्या परतल्या. कीर्तीच्या शिखरावर असता पुन्हा बाराखडीपासून आरंभ करणे हे सोपे काम नव्हे. आपल्याकडील किती अधिकाऱ्यांना ते जमेल, याविषयी मी साशंक आहे.

पण आज मला विशेषेकरून बोलावयाचे आहे ते दुर्गा खोटे यांच्याविषयी. १९०५ साली मुंबईत लाड घराण्यात जन्मलेल्या या मुलीचे माहेरचे नाव विठा. घराणे मूळचे गोव्याकडील, कोकणी बोलणारे. वडील सॉलिसिटर. घर गिरगावात कांदेवाडीस, म्हणजे मराठीच्या अगदी माजघरात. शाळा मात्र कॅथेड्रल आणि पुढे सेंट झेवियर्स कॉलेज, म्हणजे इंग्रजीच्या दिवाणखान्यात. घरात एक भाषा, जिन्याखाली दुसरी आणि वर्गात तिसरी! अशा मुलीची 'खरी' बोली कोणती, हा प्रश्न ज्याला सुचेल त्याने त्याचे उत्तरही स्वतःच द्यावे. मला तर वाटते की मुंबईत वाढलेल्या पुष्कळ मराठी माणसांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच आहे. आपण ती कबूल करीत नाही, इतकेच.

विवाहानंतर त्या सधन खोटे घराण्यात गेल्या. पुढे वैभव ओसरले, पदरी दोन लहान मुलगे होते आणि कमाई करणे भाग पडले. १९३१ साली 'फरेबी जाल' या चित्रपटात त्यांनी एक छोटीशी भूमिका केली. ती छोटी होती, पण तिने उठविलेले वादळ मोठे होते. कुलीन घरची लेक-सून पडद्यावर दिसते, याच गोष्टीचे भांडवल करण्यात आले आणि चित्रपट कोसळल्यावर लोकनिंदेचे धनी त्या बाईला व्हावे लागले. येथे एक गमतीची, म्हटले तर संतापाची गोष्ट लक्षात येते. ज्या 'घरंदाज' बोलण्यासाठी चित्रपटाला ही बाई हवी होती, ते बोलणे तिने पडद्यावर आणताच ती घरंदाज उरली नाही असे समाजाने ठरविले! मराठी स्त्रीने रंगमंचावर कसे बोलावे, कसे लाजावे, पदर कसा सावरावा, याचा आदर्श तोवर बालगंधर्व या पुरुष नटाने घालून दिलेला होता, आणि घरोघरच्या स्त्रिया कौतुकाने त्याचे अनुकरण करीत होत्या. पुरुषाने केले ते कला, स्त्रीने केले ते धारिष्ट.

एखादी दुसरी असती तर तेथेच थांबली असती. दुर्गाबाई कोल्हापूरला गेल्या. प्रभात कंपनीच्या 'अयोध्येचा राजा'मध्ये, १९३२ साली, गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले आणि या तारामती झाल्या. आजच्या श्रोत्यांनी त्या कामाचे स्वरूप थोडे ध्यानात घ्यावे. एका भाषेतील चित्रपटावर मागाहून दुसऱ्या भाषेचा आवाज चढविण्याची सोय नव्हती. म्हणून एकच कथा मराठीत आणि हिंदीत अशी दोनदा चित्रित होई. पार्श्वगायनही नव्हते. ते १९३५ च्या सुमारास कलकत्त्यास सुरू झाले. तेव्हा जे बोलावयाचे, जे गावयाचे, ते कॅमेऱ्यापुढे उभे राहून, त्याच क्षणी, स्वतःच्या गळ्याने. राज्य गेले, पुत्र गेला, तारामतीने मराठीत टाहो फोडला; आता तोच टाहो हिंदीत फोडावयाचा.

हे वाटते तितके सोपे नाही. माझ्यासारख्या बदलीच्या नोकरीतील माणसाला याचा अल्पसा अनुभव आहे. मराठी माणसाचे हिंदी ऐकताच पकडले जाते, ते शब्दांमुळे नव्हे. 'चोर', 'चाकर' हे शब्द दोन्हीकडचे. पण आपला 'च' दातांशी घासून येतो, तिकडचा टाळूवरून. शिवाय लिंगाची पंचाईत. मराठीतील नपुंसकलिंगाला हिंदीत घरच नाही. मग त्यातील दही पुरुषांच्या पंगतीत बसते आणि पुस्तक स्त्रियांच्या. फार काय, खुद्द 'आवाज' हा शब्द घ्या. महाराष्ट्रात माझा आवाज, आणि सातपुडा ओलांडला की तीच माझी आवाज! शांतपणे बोलताना हे सारे सांभाळता येते. रागात आणि रडण्यात मात्र जीभ मातृभाषेकडे धावते, आणि नटीला पैसे मिळतात ते नेमके रागाचे आणि रडण्याचे.

पुढे दुर्गाबाई कलकत्त्यास गेल्या. देवकी बोस यांच्या 'राजरानी मीरा' व 'सीता' या चित्रपटांत त्यांच्या समवेत पृथ्वीराज कपूर होते. दिग्दर्शक बंगाली, नायक पेशावरकडचा, नायिका गिरगावची आणि भाषा हिंदी, जी तिघांपैकी एकाचीही घरची नव्हती! आपण ज्याला शुद्ध उच्चार म्हणतो, तो अशा परक्यांच्या सामायिक कष्टातून घडला आहे. एखाद्या गावी तो आयता मिळत होता आणि नटांनी तो बिघडविला, असे मुळीच नाही.

या कष्टांत अपमानही असतो. लता मंगेशकरांच्या उमेदवारीच्या दिवसांत दिलीपकुमारांनी, मराठी गायकांच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो अशा अर्थाचा शेरा मारला होता. ही हकीगत लताबाईंनी स्वतःच सांगितलेली आहे. शेरा झोंबला, आणि एका मौलवींकडे उर्दूचे धडे सुरू झाले. वरणभाताची लाज बाळगण्याचे काहीच कारण नव्हते, हे खरे. पण गझल गावयाची तर तिचा उच्चार कमावला पाहिजे, हेही तितकेच खरे. दुर्गाबाईंनीही तो कमावला. १९६० च्या 'मुगल-ए-आझम'मध्ये त्या जोधाबाई झाल्या. अकबराच्या दरबाराची भाषा फारसी, राणी राजपूत, संवाद घडीव उर्दूतील आणि ते बोलणाऱ्या बाईंच्या घरची बोली कोकणी. सलीम आणि अकबर यांच्यामध्ये उभी असलेली ती आई पाहताना यातले काही आपल्याला आठवले का? मला तरी आठवले नाही.

दरम्यान त्या रंगभूमीवरही होत्या. वि. वा. शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'वरून लिहिलेल्या 'राजमुकुट'मध्ये त्यांनी त्या महत्त्वाकांक्षी पत्नीची भूमिका केली. शिवाय, मासिक पगारावर एकाच कंपनीस बांधून राहण्याची त्या काळची रीत मोडून, कामागणिक करार करून काम करणाऱ्या पहिल्या कलावंतांत त्यांची गणना होते. ज्या बाईस आज राणीची भाषा बोलावयाची आणि उद्या चाचे लोकांच्या नायिकेची, तिने मालक एकच का ठेवावा?

मात्र एक प्रसंग मला नेहमी विचारात पाडतो. १९७३ साली 'बॉबी'मध्ये त्या मिसेस ब्रगांझा झाल्या. गोव्याच्या ख्रिस्ती माणसाने हिंदी चित्रपटात कसे बोलावे, याचा एक ठरीव साचा आहे. क्रियापदे मोडकी, लिंगे उलटीपालटी, आणि प्रेक्षकांचे हसू हमखास. म्हणजे आयुष्यभर उच्चारातील घरचा अंश प्रयत्नाने झाकलेल्या या बाईंच्या वाट्याला त्यांच्याच मूळ भूमीतील स्त्री आली, ती मोडक्या हिंदीच्या वेषात! दोघींच्या घरची बोली खरे तर एकच. पण ती बोलण्याची मुभा पडद्यावर दोघींनाही नव्हती. त्यांनी त्या म्हातारीला हास्यास्पद होऊ दिले नाही, तिची माया आणि तिचा मान दोन्ही राखले, हा त्यांचा मोठेपणा. साचा मात्र तसाच राहिला, आणि त्याचा दोष तो पाहून हसणाऱ्या आपणा सर्वांकडेही येतो.

१९८२ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले: 'मी, दुर्गा खोटे'. जन्मनाव विठा, माहेरचे आडनाव लाड. पण 'मी' म्हणताना त्यांनी सांगितले ते कामावर मिळविलेले नाव. ते आडनाव सासरचे होते खरे, पण त्याला देशभर ओळख दिली ती या सुनेने. पुढल्याच वर्षी त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. दहा वर्षांपूर्वी तोच पुरस्कार रूबी मायर्स यांना मिळाला होता.

१९९१ साली त्या निवर्तल्या. तत्पूर्वी, १९८८ मध्ये, त्यांच्या निर्मितिसंस्थेने दूरदर्शनसाठी एक मालिका काढली होती. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतील एक मध्यमवर्गीय कारकून, त्याची बायको, मुले, घर आणि कचेरी. कारकुनाचे आडनाव अस्सल गोमंतकीय वळणाचे, वागळे. तो बोलत होता सरळ, साधी हिंदी, आणि त्याचे काम करीत होते मराठी नसलेले अंजन श्रीवास्तव. दिल्लीपासून मद्रासपर्यंत लोकांनी त्याला आपला शेजारी मानले.