नौसेनेचा बँड आणि आपली मुले

(न्यासाच्या रौप्यमहोत्सवी सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या सभेत वक्त्याने न्यासाच्या कार्याचा गौरव करावा असा प्रघात आहे. परंतु तो गौरव अहवालात झालाच आहे. वह्यापुस्तके, शिष्यवृत्त्या, औषधोपचार यांचे आकडे चिटणिसांनी आमच्यापेक्षा चांगले सांगितले. म्हणून तो भाग सोडून आम्ही नौसेनेच्या बँडविषयी बोलणार आहोत. आणि त्यातही तरुण पोरांपुढे सिनेमातील गाणी वाजविणाऱ्या बँडविषयी. न्यासाच्या सभेत हा विषय कशाला, असे कोणास वाटेल. तर शेवटी आम्हांला न्यासाकडे काही मागावयाचे आहे, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणजे कोणाची फसवणूक व्हावयाची नाही.

आपणांस आठवत असेल, जानेवारी २०२२ मध्ये दिल्लीस प्रजासत्ताकदिनाच्या संचलनाची तालीम चालली होती. त्या तालमीत नौसेनेच्या बँडने 'कारवाँ' चित्रपटातील ते मोनिकेचे गाणे वाजविले. राहुल देव बर्मन यांची चाल, आशाताईंचा आवाज, साल १९७१. पांढऱ्या गणवेशातील नाविक हातांत बंदुका घेऊन त्या ठेक्यावर डोलत होते. सरकारच्याच एका खात्याने ती चित्रफीत प्रसृत केली आणि घरोघरी वाद सुरू झाला. एक पक्ष म्हणाला, सैनिकांनी असली गाणी वाजवावीत हे शोभते काय? दुसरा पक्ष म्हणाला, सैनिकही माणसेच आहेत, त्यांनी आनंद का करू नये? आपल्या वसाहतीतही या दोन्ही पक्षांचे लोक आहेत, आणि ते बहुधा एकाच घरात राहतात. एक आजोबा असतो आणि दुसरा नातू.

आमचे मत नातवाच्या बाजूचे आहे. परंतु त्याची कारणे नातू देईल त्याहून निराळी आहेत.

पहिले कारण असे की, सैनिकी वाद्ये आणि लोकप्रिय गाणी यांची आपल्या देशात फारकत कधी झालीच नाही. आपल्या लग्नाच्या वरातीत जो बँड वाजतो, त्याचा तो भरजरी कोट, ती झुपकेवाली टोपी, तो कॉर्नेट आणि तो मोठा ढोल आला कोठून? सगळे इंग्रजांच्या छावणीतून आले. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत ट्रंपेट आणि सॅक्सोफोन वाजविणारे कितीतरी वादक गोव्याचे होते. तेथील चर्चच्या शाळांत त्यांना लहानपणी स्वरलेखन वाचावयास शिकविले जाई. त्यांतला एक चिक चॉकलेट. १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटात भगवानदादा नाचले, तेव्हा त्याचा बँड पडद्यावरही दिसला. त्या चित्रपटाचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. 'अलबेला'च्या गाण्यांना त्या काळच्या वडीलधाऱ्यांनी नाके मुरडलीच असतील. पण याच चितळकरांनी कवी प्रदीप यांच्या 'ऐ मेरे वतन के लोगों' या गीताला चाल दिली, आणि २७ जानेवारी १९६३ रोजी लताबाईंनी ते दिल्लीत पंडित नेहरूंसमोर गायिले. पुढे २०२२ साली, म्हणजे मोनिकेचा वाद झाला त्याच जानेवारीत, विजय चौकातील बीटिंग रिट्रीट समारंभातून गांधीजींना प्रिय असलेली इंग्रजी प्रार्थना वगळण्यात आली आणि चितळकरांची ही चाल तेथे वाजली. प्रार्थना वगळली हे योग्य की अयोग्य, त्यात आम्ही आज शिरत नाही. सांगावयाचे एवढेच की, पोरांना नाचविणारा आणि मोठ्यांना रडविणारा माणूस एकच होता, आणि त्याची वाद्येही पुष्कळशी तीच होती.

दुसरे कारण हजिऱ्याचे आहे. आपण येथे कारखान्यांमुळे आलो. कोणी खानदेशातून, कोणी कोकणातून. म्हणून आपणांस हजिरा म्हटले की पोलाद, खत आणि वायू एवढेच आठवते. परंतु येथून जवळच सुवाळीचा किनारा आहे. ईस्ट इंडिया कंपनीची लढाऊ गलबते ५ सप्टेंबर १६१२ रोजी तेथे येऊन लागली, आणि भारतीय नौसेना आपल्या इतिहासाचा आरंभ त्या दिवसापासून सांगते. (मराठी माणसाच्या मनात आरमार म्हटले की शिवछत्रपतींचेच नाव येते, आणि २०२२ च्या सप्टेंबरात नौसेनेच्या निशाणावर राजमुद्रेचा अष्टकोन आला तेव्हा आपणां सर्वांस धन्य वाटले, पण कागदोपत्री वंशावळ सुवाळीपाशी सुरू होते, त्याला इलाज नाही.) त्या गलबतांचा कप्तान टॉमस बेस्ट. त्याच्याबरोबर रॉबर्ट ट्रली नावाचा एक वादक आला होता. तो कॉर्नेट वाजवी. आजचे पितळी नव्हे, लाकडाचे आणि चामड्याने मढविलेले, बोटांची भोके असलेले. त्यास जहांगीर बादशहापुढे नेण्यात आले. बादशहास ते वाद्य इतके आवडले की, आपल्या कारागिरांकडून त्याने तशी आणखी करविली आणि आपल्या एका वादकास ट्रलीकडे शिकावयास दिले. बंदुका, लोकरी कापड आणि वखारीच्या परवानगीचा अर्ज यांच्या जोडीस या किनाऱ्यावर एक फुंकवाद्यही उतरले होते. जहाजावरचा वादक परक्यांची मने जिंकण्यासाठी नेतात, हे त्या काळीही ठाऊक होते.

आणि अगदी अलीकडची गोष्ट. नौसेनेच्या 'सुरत' या विनाशिकेचे मानचिन्ह ६ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरतेत प्रकट झाले, आणि १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत ती नौसेनेत दाखल झाली. त्या चिन्हावर गीरचा सिंह आहे आणि आपल्या हजिऱ्याचे जुने दीपगृह आहे. मुलांनो, तुमच्या गावाचे चित्र छातीवर घेऊन एक लढाऊ जहाज समुद्रात फिरते आहे, हे शाळेत सांगा.

आता मुख्य विषय, तो बँड. नौसेनेचा बँड १९४५ साली पन्नास वादकांनिशी उभा राहिला. त्याचे मुख्य ठाणे मुंबईस कुलाब्यात, 'कुंजाली' येथे आहे; नौसेनेची संगीतशाळाही तेथेच आहे. (भूसेनेची अशी शाळा १९५० पासून पचमढीस आहे.) दरवर्षी नौसेनादिनाच्या सुमारास गेटवे ऑफ इंडियासमोर हा बँड वाजतो, आणि सागरी कॅडेट दलाची मुले तेथे खलाशांचा हॉर्नपाइप नाच करतात. ४ डिसेंबर हा दिवस १९७१ च्या कराचीवरील हल्ल्याचा. म्हणजे मोनिकेचे गाणे आणि ती स्वारी एकाच वर्षातली. त्यावेळच्या तरुण नाविकाच्या कानांत दोन्ही असणारच!

असल्या बँडचे सामान्यतः दोन अवतार असतात. एक चालण्याचा. मिनिटास सुमारे १२० पावलांची गती. पितळी व लाकडी फुंकवाद्ये आणि ढोल. दुसरा बसून वाजविण्याचा. त्यात कधी व्हायोलिने येतात. आणि समोर तरुण श्रोते असले तर त्यातलेच सात-आठ जण गिटार, की-बोर्ड, ड्रमसंच आणि गायक अशी लहान टोळी करून पुढे सरसावतात. एकाच वादकाने सकाळी कूच वाजवावे आणि रात्री मुलांपुढे नाचाचे गाणे, ही या धंद्यात नवलाची गोष्ट नव्हे.

सिनेमाचे गाणे बँडवर चढवितात कसे, हे आपल्या मुलांनी समजून घेण्याजोगे आहे. मूळ गाण्यात गायिका असते, पन्नास-साठ व्हायोलिने असतात, तबला-ढोलक असते. बँडात यांतले बहुतेक काही नाही. मग गायिकेची ओळ क्लॅरिनेटला किंवा कॉर्नेटला द्यावयाची. व्हायोलिनांचे धावते तुकडे क्लॅरिनेटांच्या रांगेत वाटून टाकावयाचे. ढोलकाचा ठेका साइड ड्रमवर असा बसवावयाचा की त्यावर पाऊलही पडावे आणि मूळची लचकही जाऊ नये. गळ्यातून लीलया निघणारी मींड फुंकवाद्यात ओठांनी निर्माण करावी लागते. हे सर्व कागदावर प्रत्येक वाद्यासाठी वेगळे लिहावे लागते. ज्यास तुम्ही थिल्लर गाणे म्हणता, ते चाळीस माणसांनी एका श्वासात वाजविण्यामागे अशी मेहनत असते. आम्ही नातवाच्या बाजूचे झालो ते यामुळे. गाणे कोणते, यावर भांडण झाले. ते वाजविले कसे, याकडे कोणी पाहिलेच नाही.

परदेशांतही हेच आढळते. ग्लेन मिलर हा अमेरिकेतला अत्यंत लोकप्रिय बँडवाला. दुसऱ्या महायुद्धात तो स्वतःहून सैन्यात गेला, तेथे त्याने नाचाची गाणी वाजविणारा बँड उभारला, आणि १५ डिसेंबर १९४४ रोजी इंग्लिश खाडीवरून विमानाने जात असता तो नाहीसा झाला. त्याची परंपरा चालावी म्हणून तेथील वायुसेनेने १९५० साली एक जाझ बँड काढला. लष्करात गाणे आले म्हणून लष्कर ढिले झाल्याचे ऐकिवात नाही.

तरीही आजोबांच्या पक्षात एक मुद्दा आहे आणि तो खरा आहे. मुलांपुढे बँड वाजवितात तो निव्वळ करमणुकीसाठी नव्हे. पोरांच्या मनात गणवेशाची ओढ उत्पन्न व्हावी हाही हेतू असतो. त्यात लपविण्यासारखे काही नाही, पण आईबापांनी डोळे उघडे ठेवावे. नौसेनेत वादक म्हणून जाण्यासाठी हल्ली अग्निवीर योजनेतून भरती होते. दहावी उत्तीर्ण, अविवाहित मुलगे व मुली अर्ज करू शकतात. एक वाद्य प्रत्यक्ष वाजवून दाखवावे लागते, ते देशी असो वा विदेशी. वाद्य सुरात लावता आले पाहिजे. एक गाणे संपूर्ण गाऊन दाखवावे लागते. म्हणजे आपल्या भजनी मंडळातला तबलजीदेखील दारातून परत जाणार नाही. परंतु २०२२ साली निघालेल्या या योजनेची मुदत चार वर्षांची आहे. त्यानंतर तुकडीतील जास्तीत जास्त शंभरांपैकी पंचवीस जणांना कायम करतात. बाकीच्यांस सेवानिधीची एकरकमी रक्कम मिळते, निवृत्तिवेतन मिळत नाही. वेतन पहिल्या वर्षी दरमहा तीस हजार ठरले होते आणि त्यातील तीस टक्के निधीत जाणार होते. अर्ज करण्यापूर्वी त्या वेळची जाहिरात अक्षरन् अक्षर वाचा, नियम बदलतात. टाळ्या वाजविताना मुलगा अठरा वर्षांचा असतो. परत येतो तेव्हा बाविशीचा असतो आणि त्याच्या हातात एक वाद्य असते. ते वाद्य त्यास पोसू शकेल इतके पक्के शिकविले गेले असेल, तर चार वर्षे वाया गेली असे आम्ही म्हणणार नाही. कच्चे असेल, तर मात्र आजोबा जिंकले.

पक्के शिकणे लहानपणीच व्हावे लागते, आणि आमची मागणी तेथेच आहे. आपल्या वसाहतींत आज मुलांचे संगीत म्हणजे काय? गणपतीत भाड्याने आणलेल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंती. वाजविणारा कोणी नाही. एक इसम बटणे फिरवितो आणि दोनशे पोरे नाचतात. ढोलताशांचे पथक त्याहून शतपटीने बरे, कारण तेथे हात दुखतात. पण पथक वर्षातून महिनाभर चालते.

म्हणून महोत्सवानिमित्त जमलेल्या निधीतून न्यासाने लहानसा मुलांचा बँड सुरू करावा, अशी आमची विनंती आहे. आरंभी दोन क्लॅरिनेट, दोन कॉर्नेट, एक ट्राँबोन, एक साइड ड्रम, एक मोठा ढोल पुरे. हार्मोनियम न्यासाकडे आहेच. जुनी पण दुरुस्त वाद्ये चालतील. मात्र तोंडाशी धरावयाचा भाग प्रत्येक मुलाचा स्वतंत्र असावा. आपल्याकडील खारी हवा पितळेस मानवत नाही, तेव्हा रोज पुसून ठेवण्याचे काम वाजविणाऱ्याचेच राहील, नोकराचे नव्हे. मुलींना निम्म्या जागा. शिक्षक असा हवा की जो स्वरलेखन वाचावयास शिकवील. सुरतेत वरातीच्या बँडातून निवृत्त झालेले कुशल वादक आहेत, त्यांस मानधन देऊन सन्मानाने बोलवावे. पहिल्या वर्षी राष्ट्रगीत, एक कूच आणि मुलांच्या पसंतीचे एक सिनेमाचे गाणे, एवढेच बसवावे. गाणे मुलांनी निवडावे. विश्वस्तांनी त्यात पडू नये.

रात्रपाळी करून आलेल्या माणसास दिवसा झोप हवी, ही अडचण आम्ही विसरलेलो नाही. तालीम सायंकाळी पाच ते सात या वेळात, सभागृहाच्या मागल्या खोलीत, खिडक्या लावून व्हावी. नावे नोंदविण्यासाठी एक वही चिटणिसांच्या मेजावर ठेवली आहे. ज्यांच्या घरी जुने वाद्य पडून असेल, त्यांनीही त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहावे.