डावं-उजवं इंग्रजीत

बायांनो, इंग्रजीचं नाव काढलं म्हणून लगेच रेडिओ बंद करू नका. आज फक्त पत्ता विचारायचा आणि सांगायचा, एवढंच बघायचं आहे.

आपल्या मंगळवेढ्याकडं कर्नाटकात सोयरीक असलेली घरं पुष्कळ. पाहुण्याला 'एडक्के, बलक्के' म्हणत कानडीतून वाट सांगणाऱ्या बाया गावोगावी आहेत. दोन भाषांत डावं-उजवं सांगता येतं, मग तिसरीत किती अवघड? डावीकडं म्हणजे लेफ्ट, उजवीकडं म्हणजे राइट. 'गो स्ट्रेट' म्हणजे सरळ जा, 'टर्न लेफ्ट' म्हणजे डावीकडं वळा.

आपल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. लांबचा व्यापारी गटाकडून ज्वारी घेतो, कडक भाकरी घेतो. त्याचा परराज्यातला ड्रायव्हर महामार्गावरून फोन करतो, 'व्हेअर आर यू?' म्हणजे तुम्ही कुठं आहात. आणि आपण फोन पोराच्या हातात देतो. पोरगं शाळेत गेलेलं असलं म्हणजे? माल तुमचा, तर वाटही तुम्हीच सांगा.

सांगताना दोन गोष्टींत घोळ होतो. आपण म्हणतो 'वरच्या आळीला', 'ओढ्याच्या खालच्या अंगाला'. परक्याला वर कुठलं अन् खाली कुठलं, काय ठाऊक? आणि समोरासमोर उभं राहिलं की आपलं डावं ते त्याचं उजवं. म्हणून आधी त्याच्या शेजारी, त्याच्याच दिशेला तोंड करून उभं राहा, मग हात करा. फोनवर असेल तर तो कुठून येतोय ते विचारा: 'फ्रॉम सोलापूर ऑर सांगोला?' सोलापूरकडून येणाऱ्याचं डावं ते सांगोल्याकडून येणाऱ्याचं उजवं.

दुसरा घोळ शब्दांच्या जागेचा. आपण 'देवळाजवळ' म्हणतो, जवळ मागाहून येतं. इंग्रजीत ते आधी: 'नियर द टेंपल'. पुलानंतर म्हणजे 'आफ्टर द ब्रिज'. आणि 'हाकेच्या अंतरावर' याचं इंग्रजी शोधत बसू नका, 'फाइव्ह मिनिट्स' म्हणा, गाडी बरोबर येते.

आता विचारायचं. पेशंटला घेऊन मोठ्या शहरातल्या दवाखान्यात गेलं की पाट्या बऱ्याचदा इंग्रजीत. 'एक्सक्यूज मी, व्हेअर इज द एक्स-रे रूम?' एवढं पुरतं. उत्तरात 'ग्राउंड फ्लोअर' आलं तर तळमजला, 'फर्स्ट फ्लोअर' म्हणजे एक जिना वर. (अमेरिकेत लेकीकडं गेलात तर तिथं तळमजल्यालाच फर्स्ट फ्लोअर म्हणतात.) १०८ च्या रुग्णवाहिकेला फोन करताना मात्र सरळ मराठीत बोला, तिथं इंग्रजीची काही गरज नाही.

अजून एक वाक्य, आणि हे लाजून कुणी विचारत नाही. लांबच्या प्रवासाला निघालं की बाया सकाळपासून पाणी पीत नाहीत, दिवसभर अंग मारून बसतात. 'व्हेअर इज द लेडीज टॉयलेट?' मोठ्यानं म्हणून बघा. घरात कुणी हसलं तर हसू द्या, परत म्हणा.

समोरचा भराभर बोलला तर 'स्लोली, प्लीज' म्हणायचं. तो हळू बोलेल, आणि बहुतेक वेळा बोटानं दाखवेलसुद्धा.

पुढच्या बैठकीत दोघी-दोघींनी जोडी लावा. एकीनं ड्रायव्हर व्हायचं, दुसरीनं त्याला एसटी स्टँडवरून दामाजी मंदिरापर्यंत न्यायचं, मराठीचा एक शब्द न वापरता. भाडं मागू नका म्हणजे झालं.