हार घालून आपले काम संपत नाही

(बोरसी येथील स्मृतिसभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



भिलाईचे सुपुत्र, वीरचक्र (मरणोत्तर) नायक कौशल यादव यांना अभिवादन करण्यासाठी आपण जमलो आहोत. इथल्या पुष्कळ मुलांचा जन्म कारगिलच्या लढाईनंतरचा आहे, म्हणून थोडक्यात हकीकत सांगतो.

1999 साली कारगिलची लढाई झाली. कौशल यादव 9 पॅरा (स्पेशल फोर्सेस) या पलटणीत होते. मुश्कोह खोऱ्यातील झुलू टॉप हे सुमारे 5200 मीटर उंचीचे ठाणे शत्रूच्या हाती होते. 25 जुलैला त्यावर चढाई झाली. हल्ला करणाऱ्या तुकडीच्या पुढे कौशल होते. उभा कडा, विरळ हवा आणि वरून गोळ्यांचा मारा. जखमी झाल्यावरही ते मागे फिरले नाहीत आणि तिथेच त्यांना वीरमरण आले. वय तिशीच्या आतले. दुसरा दिवस 26 जुलैचा, जो देश विजय दिवस म्हणून पाळतो. त्या लढाईत आपले 527 जवान कामी आले.

रेल्वे युनियनचा माणूस इथे कशाला, असे कोणी विचारील. मित्रांनो, भिलाईच्या कारखान्यातले रूळ देशभर पसरले आहेत. 1999 साली रेल्वे जम्मू तवीपर्यंतच होती. तिथवर रणगाडे, तोफा आणि दारूगोळा पोहोचवण्याचे काम रेल्वे कामगार करीत आला. सैनिक पुढे लढतो तेव्हा मागे कोणीतरी सिग्नल देत असतो, कोणी गाडी हाकीत असतो.

1965 च्या युद्धात 9 सप्टेंबरला राजस्थानातील गडरा रोडजवळ रसद नेणाऱ्या आपल्या रेल्वे कामगारांवर शत्रूच्या विमानांनी बॉम्ब टाकले. 17 कामगार ठार झाले. त्यांच्या अंगावर वर्दी नव्हती, हातात बंदूक नव्हती. तिथे दरवर्षी रेल्वे कामगार जमतात आणि त्यांना मानवंदना देतात. म्हणून कौशलसारख्या जवानाची आठवण आपल्याला परकी नाही.

छत्तीसगड सरकार कनिष्ठ गटातील खेळाडूंना शहीद कौशल यादव यांच्या नावाने पुरस्कार देते. हे चांगलेच आहे. पण सन्मान पुरस्कारावर आणि पुतळ्यावर थांबता कामा नये. जवानाच्या मागे आई-बाप राहतात, पत्नी राहते, लहान मुले राहतात. वर्षातून एक दिवस हार घालायचा आणि उरलेले दिवस त्यांना कागदांच्या मागे फिरायला लावायचे, याला सन्मान म्हणत नाहीत.

युद्धात पडलेल्या नियमित सैनिकाच्या कुटुंबाला त्याच्या शेवटच्या पगाराइतके उदारीकृत कुटुंब पेन्शन मिळते. 2022 साली अग्निपथ योजना आली. तीत अग्निवीराच्या कुटुंबाला विमा आणि एकरकमी मदत ठेवली, पण कुटुंब पेन्शन ठेवले नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने शिफारस केली, की कर्तव्यावर मरण पावलेल्या अग्निवीराच्या कुटुंबाला नियमित सैनिकाच्या कुटुंबाएवढेच लाभ मिळावेत. आपल्याच वस्तीतली मुले पहाटे उठून भरतीसाठी धावतात. गोळी लागताना ती कायम नोकरीवाला आणि चार वर्षांचा असा भेद करीत नाही. समान मरणाला समान हक्क, ही मागणी कामगार चळवळीला नवी नाही. आपण समान कामाला समान दाम म्हणत आलोच आहोत.

म्हणून तीन गोष्टी सांगतो. एक, आपल्या वस्तीतील शहिदांच्या आणि माजी सैनिकांच्या घरी जा, त्यांचे पेन्शनचे कागद अडले असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापर्यंत सोबत चला. दोन, माजी सैनिक रेल्वेत गँगवर किंवा स्टेशनवर नोकरीला येतो, तेव्हा त्याला नवशिक्या म्हणून हिणवू नका. त्याला हाताशी धरून काम शिकवा. तीन, या मुलांना कौशल यादव यांचे नाव सांगताना युद्धाचा नाद लावू नका. युद्ध होऊ नये असे सर्वात जास्त सैनिकाच्या आईला वाटते.

एवढे केले तर आजच्या फुलांना अर्थ आहे. शहीद कौशल यादव यांना माझ्या वतीने व तमाम रेल्वे कामगारांच्या वतीने आदरांजली वाहून मी माझे दोन शब्द संपवतो.

जय हिंद! कामगार एकजुटीचा विजय असो!