संगणक बंद होतो म्हणजे काय होते?
(रांजणगाव येथे पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा माझा विषय दिसावयास किरकोळ आहे. घरचा संगणक रात्री ‘शट डाउन’ केला म्हणजे तो खरोखर बंद होतो काय? पुष्कळ घरांत तो पुरता बंद होत नाही. ही अर्धवट बंद होण्याची सोय ठेवावी की काढून टाकावी, याविषयी पालकांमध्ये बराच गोंधळ आहे. कोणी म्हणतो, सगळे बंद करून टाका, यंत्र सुधारते. माझे मत तसे नाही.

दुकानाचे उदाहरण घेऊ. दुकानदार दुपारी दिवा चालू ठेवून गल्ल्यावर डुलकी घेतो. ही संगणकाची ‘स्लीप’ अवस्था. काम स्मृतीत म्हणजे रॅममध्ये राहते आणि तिला थोडी वीज लागतेच. वीज गेली, बॅटरी नसली, की जतन न केलेले काम गेले. ‘हायबरनेशन’ची तऱ्हा निराळी. कोणती वस्तू कोठे आहे हे सारे वहीत टिपून दुकानदार दिवाही मालवतो. संगणक रॅममधील मजकूर डिस्कवरील एका मोठ्या फाइलीत लिहून ठेवतो. मग वीज चार तास नसली तरी बिघडत नाही. तिसरा प्रकार ‘फास्ट स्टार्टअप’चा. तो २०१२ साली विंडोज ८ बरोबर आला. यात गिऱ्हाइकांना बाहेर काढले जाते, म्हणजे आपले कार्यक्रम बंद होतात, परंतु विंडोजचा गाभा व ड्रायव्हर त्याच फाइलीत जसेच्या तसे ठेवले जातात. सकाळी दुकान लवकर उघडते, पण आदल्या दिवसाचा पसाराही तसाच असतो.

म्हणूनच प्रिंटर किंवा वायफाय रुसले आणि संगणक दहा वेळा बंद-चालू केला तरी दोष जात नाही. ‘रिस्टार्ट’ केल्यावर मात्र जातो. रिस्टार्टमध्ये गाभा नव्याने सुरू होतो, शट डाउनमध्ये होत नाही. नाव उलटे वाटते खरे, पण वस्तुस्थिती अशी आहे. शिफ्ट कळ दाबून धरून शट डाउन केले तर त्या वेळेपुरते यंत्र पुरते बंद होते.

आता आपल्या भागाचा विचार करू. २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमनाचे तासन् तास काढले. आज ती स्थिती नाही. तथापि दुरुस्तीसाठी वीज बंद राहते, पावसाळ्यात वाराही निमित्ताला पुरतो. कारखान्यांच्या वसाहतीत रात्रपाळी करून आलेला बाप झोपलेला असतो, मुलगा प्रकल्प अर्धवट टाकून जेवावयास उठतो. अशा घरी हायबरनेशन काढून टाकणे मला शहाणपणाचे वाटत नाही. लॅपटॉपवर तर मुळीच नाही. बॅटरी संपत आली की लॅपटॉप बहुधा आपण होऊन हायबरनेट होतो व उघडलेले काम वाचते. ही सोयच काढली तर तो आधार जातो.

जागा अडते ही तक्रार खोटी नाही. विंडोज १० मध्ये पूर्ण हायबरनेशनची फाइल साधारणपणे रॅमच्या ४० टक्के असते. आठ जीबी रॅम असेल तर सुमारे सव्वातीन जीबी. लहान डिस्कवर ते जाणवते. पण त्यासाठी आधी जुने चित्रपट काढावेत असे मी म्हणेन.

फास्ट स्टार्टअपची गोष्ट वेगळी आहे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर त्याचा फायदा दिसतो. एसएसडी असेल तर फरक थोडाच पडतो. तोटा मात्र एका ठिकाणी फार मोठा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. अनेक जुन्या यंत्रांवर विंडोज ११ रीतसर चढत नाही, म्हणून विद्यार्थी त्याच डिस्कवर शेजारी लिनक्स बसवितात. हा मार्ग चांगला आहे. परंतु फास्ट स्टार्टअप चालू असताना विंडोजने आपला भाग अजून हातचा सोडलेला नसतो. सावध लिनक्स तो भाग केवळ वाचावयास देते, लिहू देत नाही. कोणी हट्टाने लिहिलेच, तर पुढच्या वेळी विंडोज आपली जुनी टिपणवही खरी धरून चालते आणि वर्षभराच्या नोट्स व घरातील लग्नाचे फोटो बिघडू शकतात. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडतानाही हाच धोका आहे. दुरुस्तीस देण्यापूर्वी यंत्र पुरते बंद करावे.

तेव्हा दोन प्रणाली असलेल्या घरी फास्ट स्टार्टअप निश्चित काढावे, आणि विंडोजचा भाग लिनक्समधून वापरावयाचा असेल तर त्याआधी हायबरनेटही करू नये. एकच विंडोज आहे, कुरकुर नाही, अशा घरी काही करण्याची गरज नाही.

काढावयाचे कसे? कंट्रोल पॅनेलमधील ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये जावे, पॉवर बटनांचे काम ठरविण्याची ओळ उघडावी, न उमटणारे पर्याय खुले करण्याची वरची ओळ दाबावी आणि ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’पुढची खूण काढून जतन करावे. त्याच पानावर ‘हायबरनेट’पुढे खूण केली की तो पर्याय बंद करण्याच्या यादीत दिसू लागतो. बाजारात एका आज्ञेने सारे बंद करून देतात, त्यात हायबरनेशनही जाते. ते आधी विचारून घ्यावे.

विद्यार्थ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. पेन ड्राइव्ह लावलेला असताना यंत्र हायबरनेट करू नये. तो रीतसर काढून घ्यावा, मग शाळेच्या संगणकाला लावावा.