परदेशी जाण्याआधीची तपासणी

(जूचंद्र येथील रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)



आपले जूचंद्र रांगोळीचे गाव. रांगोळी काढणारा आधी काय पाहतो? जमीन पाहतो. जमीन ओली असली, खडबडीत असली, तर आधी ती नीट करतो. मग चिमटीत रंग घेतो. परदेशी नोकरीला जाणाऱ्याने असेच करावे. आधी आपले शरीर पाहावे. कर्ज आणि तिकीट मागाहून.

आपल्या वसई भागातून माणसे दुबई, कुवेत, कतार, सौदीला कामाला जातात. तिथली सरकारे म्हणतात, आधी तब्येतीचा दाखला आणा. यालाच आपण 'मेडिकल' म्हणतो. मुंबईत त्यासाठी मान्यता मिळालेली केंद्रे आहेत. तिथे वजन, डोळे, रक्तदाब पाहतात. छातीचा फोटो काढतात. तो क्षयासाठी, म्हणजे टीबीसाठी. रक्त तपासतात. त्यात एड्सचा विषाणू, ब आणि क जातीची कावीळ, गरमी हे रोग पाहतात. शेवटी कागदावर एक शब्द येतो. 'फिट' किंवा 'अनफिट'.

आता माझ्या घरचीच गोष्ट सांगतो. माझा चुलतभाऊ वेल्डर. नोकरी ठरली म्हणून त्याने व्याजाने पैसे काढले, दलालाला दिले. काकीचे दागिने गहाण पडले. मग मेडिकल झाले. छातीच्या फोटोत डाग दिसला. 'अनफिट' आले. दलाल म्हणाला, "घाबरू नकोस. अजून थोडे पैसे टाक. 'फिट'चा कागद मी आणतो."

भावाने पैसे टाकले. घरी कोणाला बोलला नाही. खोकला दाबून विमानात बसला. पण मंडळी, तिथे उतरल्यावर पुन्हा तपासणी होते! कागद खोटा आणता येतो, छाती खोटी कशी आणणार? तिसऱ्या आठवड्यात तो परत आला. नोकरी गेली, पैसे गेले, कर्ज राहिले.

मी त्याला सरकारी दवाखान्यात नेले. बेडका तपासला. टीबीच निघाला. घरच्यांना तपासले, तर त्याच्या पाच वर्षांच्या मुलीलाही लागण! तेव्हा तो रडला. म्हणाला, "दादा, तो कागद मी लपवला नसता तर?"

सहा महिने त्याने गोळ्या घेतल्या. एक दिवस चुकवला नाही. औषध फुकट मिळाले. मुलगीही बरी झाली. सरकार टीबीच्या रोग्याला आहारासाठी पैसे देते. पूर्वी महिना ५०० रुपये होते. नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले.

म्हणून सांगतो, 'अनफिट' हा शब्द म्हणजे शिवी नव्हे. ती सूचना आहे. टीबी बरा होतो. क जातीची कावीळ गोळ्यांनी बरी होते. एड्सच्या विषाणूवर सरकारी दवाखान्यात फुकट औषध मिळते, आणि ते घेऊन माणूस वर्षानुवर्षे कामधंदा करतो. हे मात्र खरे, की टीबी बरा झाल्यावरही फोटोत जुना डाग राहू शकतो, आणि त्यावरून आखातात अडवतात. माझा भाऊ पुन्हा गेला नाही. तो आता वसईच्या कारखान्यात काम करतो. पण जिवंत आहे, आणि पोरीच्या अंगाला आजार नाही.

आपल्यासारखीच फिलिपीन्स देशातून लाखो माणसे परदेशी कामाला जातात. तिथे कामगाराला नेमून दिलेल्या केंद्रातच जावे लागे. २०१० साली तिथे कायदा झाला. केंद्र कामगाराने निवडावे, असे ठरले. आणखी एक ठरले. केंद्राने 'फिट' म्हटलेला माणूस परदेशी पोचल्यापासून १५ दिवसांत 'अनफिट' निघाला, तर त्याच्या परतीचा खर्च त्या केंद्राने द्यायचा. चुकीच्या कागदाचा भुर्दंड गरिबाने का सोसावा?

आपल्याकडेही १९८३ चा कायदा आहे. ज्याची दहावी झालेली नाही, त्याला आखाती देशांत कामाला जाण्यापूर्वी साधारणपणे सरकारची परवानगी घ्यावी लागते. ही आडकाठी नव्हे, आपली राखण आहे. दलालाकडे सरकारी परवाना हवा. त्याचा मेहनताना ३०,००० रुपये व वरचा कर, याहून अधिक नसावा. जास्त मागितले, तर समजा की पाणी मुरते आहे.

आता चार गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, दलालाचा परवाना क्रमांक विचारा. दुसरी, खोकला, ताप असेल तर मेडिकलआधीच सरकारी दवाखान्यात जा. तिसरी, मेडिकल होईपर्यंत कर्ज काढू नका. चौथी, तपासणीचा कागद स्वतः मागून घ्या आणि वाचा. समजला नाही तर डॉक्टरला विचारा, दलालाला नव्हे.

तुम्ही इथे अक्षरे शिकता ती कशासाठी? आपल्या शरीराचा कागद दुसऱ्याने वाचून सांगावा लागू नये, यासाठी. माझ्या भावाला तो वाचता आला नाही. तुम्ही वाचा.